ताई, अजून किती वेळ? (लांबच्या प्रवासातल्या वात्रटिकांवर तुमचे प्रश्न)

मागच्या वेळी मी म्हटलं होतं की गाडीतून लांब कुठेतरी जाताना सुचलेल्या छोट्या गमतीदार कविता पाठवा. पाठवल्यात, थँक्यू. पण खरं सांगू का, त्यातल्या निम्म्या छोट्या नव्हत्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच गमतीदार नव्हत्या. सोबतचे प्रश्न मात्र एकेक भारी होते, म्हणून यावेळी कविता कमी आणि प्रश्नोत्तरं जास्त. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण बऱ्याच पत्रांत नवरा, सासरे आणि ड्रायव्हर यांच्याबद्दल बरंच काही लिहिलंय आणि मला घरोघरी भांडणं लावायची नाहीयेत.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं चौदा तास गाडीत होतो. मी त्या प्रवासावर बावीस कडव्यांची विनोदी कविता केली आणि परतताना वाचून दाखवली. तिसऱ्या कडव्याला एकाने रेडिओ लावला. कविता किती लहान असावी?

तिसऱ्या कडव्यापर्यंत थांबले म्हणजे चांगले मित्र आहेत तुमचे. माझ्या बाबतीत तर दुसऱ्याच कडव्याला काच खाली केली होती, वाऱ्याच्या आवाजात माझा आवाज बुडावा म्हणून, आणि ते मला दोन वर्षांनी कळलं!

लांबीचं गणित असं की गाडीत ऐकणाऱ्याचं लक्ष सतत तुटत असतं, कुणाला उतरायचं असतं, कुणाला एसी कमी हवा असतो, मधेच फोन वाजतो. त्यामुळे कविता दोन व्यत्ययांच्या मधे संपली पाहिजे. चार ओळी, फार तर पाच.

यावरून एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत बर्मा-शेव्ह नावाचं दाढीचं क्रीम होतं, त्यांनी 1925 पासून हायवेच्या कडेला छोट्या छोट्या पाट्या लावायला सुरुवात केली. एका पाटीवर एकच ओळ, थोडं पुढे गेलं की दुसरी पाटी, मग तिसरी, असं करत करत सगळ्या पाट्या मिळून एक वात्रट कविता पूर्ण व्हायची आणि शेवटच्या पाटीवर क्रीमचं नाव. 1963 पर्यंत हे चाललं. म्हणजे कविता वाचायची ती चालत्या गाडीतून, गाडीच्याच वेगाने, आणि पुढची ओळ काय असेल याची वाट बघत. तुम्हीही तेच करा, बोलताना ओळींच्या मधे थोडं थांबा, मागच्या सीटवाल्यांना अंदाज बांधू द्या आणि मग तो अंदाज चुकवा. मला आलेल्यांतली ही बघा, हिला मी हातही लावलेला नाही :

पाच मिनिटांसाठी म्हणून
उतरली मंडळी सगळी,
घड्याळं सगळ्यांची सारखीच होती
पाच मिनिटं वेगळी.

संपली. रेडिओपर्यंत हात जायच्या आत संपली. तुमच्या बावीस कडव्यांत अशा चार ओळी कुठेतरी नक्की असतील, त्या शोधा आणि बाकीच्यांना निरोप द्या, रडू नका.

प्रश्न : मी प्रवासात हायकू केला, "रम्य निसर्ग / हिरवे हिरवे रान / मन प्रसन्न". भाऊ म्हणतो हा हायकूही नाही आणि विनोदी तर अजिबातच नाही. तसं त्याला बोलायचा काही अधिकार नाही, तीन तास माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. जोडाक्षर एक धरायचं की दोन? आणि मुळात हायकूत विनोद चालतो का?

एकेक घेऊया. आपल्याकडे हायकूची, म्हणजे त्या तीन ओळींच्या जपानी कवितेची, अक्षरं मोजतात, 5-7-5, आणि जोडाक्षर एकच. "रम्य" म्हणजे दोन, "निसर्ग" म्हणजे तीन, झाली पाच, इथपर्यंत ठीक. मधली ओळ मोजा : हि-र-वे-हि-र-वे-रा-न. आठ! म्हणजे भाऊ एका अक्षराने बरोबर आहे. जपानीत हिशोब थोडा निराळा असतो, तिथे लांब स्वर दोन धरतात आणि शब्दाच्या शेवटच्या "न्"लाही एक वेगळा गुण मिळतो, पण ते आपण आपल्या अक्षरांत बसवून घेतलंय आणि ते छान बसतं, त्यात अडकू नका.

आता विनोदाचं. हायकू ज्या "हाइकाई" परंपरेतून आला त्या शब्दाचा मूळ अर्थच थट्टामस्करीचा आहे, त्यामुळे हायकू म्हणजे डोळे मिटून गंभीर बसणं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बाशो हा एवढा मोठा कवी, 1689 मधे सोरा नावाच्या शिष्याला घेऊन जपानच्या उत्तरेकडे निघाला, बराचसा पायी, सुमारे पाच महिने, आणि त्या प्रवासातल्या त्याच्या एका हायकूत काय आहे माहितीये? मुक्कामाच्या ठिकाणी पिसवा आहेत, उवा आहेत आणि उशाशी घोडा मुततोय. एवढंच. रम्य निसर्ग त्यानेही भरपूर पाहिला असणार, पण रात्री उशाशी जे झालं तेही त्याने सोडलं नाही.

आणि निव्वळ माणसांच्या गमतींसाठी त्यांच्याकडे वेगळा प्रकारच आहे, सेन्र्यू. साचा तोच, 5-7-5, पण ऋतू दाखवणारा शब्द लागत नाही, निसर्ग लागत नाही, माणूस कसा वागतो ते पकडायचं. गाडीत चार माणसं कोंडलेली असताना सेन्र्यूला विषय कमी पडूच शकत नाहीत. दोन देते :

नकाशा म्हणे
पोहोचलात तुम्ही
समोर भिंत

आणि

अजून किती
वेळ? विचारी पोर
फाटकातच

(फाटक आपल्याच घराचं, अजून गाडी बाहेर पडलेली नाही. हे सांगावं लागलं म्हणजे सेन्र्यू थोडा फसला, मला मान्य आहे.)

तुमच्या कवितेचं दुखणं अक्षरात नाहीये. "रम्य", "प्रसन्न" हे शब्द घरी सोफ्यावर बसूनसुद्धा लिहिता येतात, त्यांच्यासाठी तीन काय, एक तास पण प्रवास करायची गरज नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य भावाच्या तक्रारीचं आहे, आणि ते तुम्ही कवितेत घ्यायचं सोडून प्रश्नात वाया घालवलंत. मी तुमचं रान ठेवलंय, टाकलं नाही :

खांद्यावर तो
तीन तास घोरला
हिरवं रान

बघा, रान तेच आहे पण आता ते बघणारं कुणीतरी आहे, मान अवघडलेलं.

प्रश्न : लिमरिकमधे शेवटची ओळ पहिलीसारखीच करायची असते ना? मी केलेलं लिमरिक पाठवतोय. "एक होते काका, विचारत नव्हते पत्ता" असं सुरू होतं आणि "असे होते काका, विचारत नव्हते पत्ता" असं संपतं. घरी कुणी हसलं नाही.

कसं हसणार हो, जिथून निघालो तिथेच आलो. म्हणजे तुमच्या काकांसारखंच झालं.

पण तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये. एडवर्ड लिअरने 1846 मधे अशा पाच ओळींच्या कवितांचं पुस्तक काढलं तेव्हा त्याच्या बऱ्याच कवितांत शेवटची ओळ पहिल्या ओळीच्याच शब्दावर येऊन थांबायची. मात्र नंतर लिहिणाऱ्यांनी तो शेवट बदलला आणि पाचव्या ओळीत दणका द्यायला लागले, आणि आता वाचणाऱ्याला त्या दणक्याचीच सवय झालीये. पहिली, दुसरी, पाचवी ओळ लांब आणि एका यमकाची, तिसरी-चौथी आखूड आणि वेगळ्या यमकाची. त्या दोन आखूड ओळी म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलला टाकल्यासारख्या असतात, भरकन जातात, आणि म्हणून पाचवीला ब्रेक लागला की सगळे पुढे आपटतात. तुमचं लिमरिक थोडं ठोकून सरळ केलंय :

काकांनी ना जन्मात कधी विचारला पत्ता,
म्हणती, "माझ्या गाडीमध्ये माझीच चालते सत्ता."
तेच झाड, तेच दार,
फेऱ्या झाल्या पुऱ्या चार,
म्हणती, "झाडच फिरतंय आपल्या मागे मागे आत्ता!"

काका तुमचेच, पत्ता तुमचाच, मी फक्त त्यांना तोंड उघडायला लावलं. चूक कबूल न करणारा माणूस स्वतः बोलला की आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही.

प्रश्न : माझ्या नवऱ्याने माझ्या नकाशा बघण्यावर वात्रटिका केली आणि सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकली. तिला सत्तावन्न हसऱ्या इमोजी आल्या. प्रत्यक्षात रस्ता चुकला तो त्याच्यामुळे! मी काय करू?

वात्रटिका करा, अजून काय. बायकांना नकाशा कळत नाही हा विनोद इतका शिळा आहे की त्याला हसणारे पण सवयीने हसतात, त्या सत्तावन्नांचं मनावर घेऊ नका. घ्या, ही टाका ग्रुपवर, माझं नाव नको :

"रस्ता मला पाठ आहे," म्हणाला,
"कशाला नकाशा काढायचा?"
खरंच पाठ होता त्याला,
फक्त दुसऱ्याच गावाचा.

एक मात्र, ही टाकल्यावर लगेच स्वतःवरची पण एक टाका. मी इतकी वर्षं बघतेय, एकाच माणसावर लागोपाठ तीन वात्रटिका झाल्या की चौथ्या वेळी तो गाडीत बोलत नाही आणि मग उरलेले सहा तास सगळ्यांनाच जड जातात. टिंगलीला सगळ्यात सोयीचं गिऱ्हाईक म्हणजे फोनमधली रस्ता सांगणारी बाई. ती रुसत नाही, उलट उत्तर देत नाही आणि तिचा आवाज काही झालं तरी चढत नाही, आणि खरा विनोद त्या न चढणाऱ्या आवाजातच आहे :

"उजवीकडे वळा," म्हणाली बाई,
उजवीकडे होतं तळं,
ती शांत, आम्ही चौघं चिंब,
सांगा कोण जास्त खुळं?

प्रश्न : मला गाडीतच सुचतं पण लिहायला घेतलं की मळमळतं. घरी पोचेपर्यंत विसरते. उपाय?

लिहू नका ना मग! तुमचे डोळे कागदावर असतात, कागद हलत नाही, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो की आपण वळतोय, हलतोय, उसळतोय. दोन बाजूंनी दोन वेगळ्या बातम्या आल्या की मेंदू वैतागतो आणि पोट बिघडतं. बाहेर लांबवर बघा, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगतात. गाडी चालवणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही कारण त्याला पुढचं वळण आधीच माहीत असतं, पण म्हणून त्याने फोनवर कविता टाइप कराव्यात असं नाही, त्याने तर अजिबातच नाही.

मग लक्षात कसं ठेवायचं? त्यासाठीच तर छंद आणि यमक आहे बाई. लिहायची सोय नसताना माणसांनी कितीतरी कविता नुसत्या ठेक्यावर लक्षात ठेवल्या. आपल्या कानात लहानपणापासून जे ठेके बसलेत ते वापरा, शब्द आपोआप जागेवर बसतात. अभंगाचा घ्या, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक :

भरली ही डिकी, सगळ्यात खाली
पिशवी ती गेली, हवी तीच

आता हे विसरून दाखवा. किंवा भुजंगप्रयात, लघु-गुरु-गुरु असं चार वेळा, याचा ठेका तर एकसारख्या वेगाने पळणाऱ्या गाडीसारखाच आहे, आणि त्याच्या गंभीर आवाजात फालतू उपदेश केला की जास्तच मजा येते :

चुके वाट ती, गप्प सारे बसावे,
किती वेळ आता? न कोणी पुसावे,
जरी भूक लागे तरी ना रुसावे,
घरी पोचता चालकाला हसावे.

वृत्त मोजून घ्या हवं तर, मी दोनदा मोजलंय.

प्रश्न : मुलं मागच्या सीटवर "अजून किती वेळ" विचारून जीव खातात. कवितेचा एखादा खेळ आहे का? स्क्रीन द्यायची नाही असं ठरवलंय.

शूर आहात. खेळ आहे, आणि तो कित्येक शतकं जुना आहे. जपानीत रेंगा म्हणून प्रकार होता, म्हणजे साखळी-कविता, चारपाच जणांनी मिळून करायची. एकाने 5-7-5 म्हणायचं, दुसऱ्याने त्याला 7-7 जोडायचं, तिसऱ्याने परत 5-7-5, असं चालू. या साखळीची पहिली कडी होती ना, ती पुढे सुटी झाली आणि तिलाच आपण आता हायकू म्हणतो. नियम गमतीचा आहे : प्रत्येक कडी फक्त आधीच्या कडीला धरून असली पाहिजे, त्याच्या आधीच्या कडीचा विषय सोडून पुढे सरकायचं. म्हणजे रस्त्यासारखंच, मागचं वळण गेलं ते गेलं. आमच्या घरच्या एका प्रवासातला नमुना देते, गाडी खरोखर रस्त्याच्या कडेला उभी होती तेव्हाचा :

पहिला :
टायर गेला
स्टेपनी काढायला
उतरा सारे

दुसरी :
स्टेपनी बघितली
तिचाही जीव गेला

तिसरा (वय वर्षं नऊ) :
जॅक घरीच
विसरलो म्हणून
वाद मिटला

म्हणजे चाक बदलायचं कुणी यावरून जे चाललं होतं ते जॅकच नसल्यामुळे संपलं. नियमाप्रमाणे त्याने पहिल्या कडीतला टायर सोडायला हवा होता आणि फक्त स्टेपनीच्या कडीला धरून पुढे सरकायला हवं होतं, तो सरकला, थेट वादावर, कुणी न सांगता. बाशोच्या वेळी 36 कड्यांची साखळी करायचे. मुलांना 36 सांगा, बाराव्या कडीपर्यंत झोपतात, स्वानुभव आहे. अक्षरं मोजण्यात बोटं अडकलेली असतात हा एक्स्ट्रा फायदा, एकमेकांना चिमटे काढायला बोटं शिल्लक राहत नाहीत. अगदी लहान असतील तर 5-7-5 सोडा, एकाने एक ओळ म्हणायची, दुसऱ्याने यमक जुळवायचं, बस. आणि त्यांचं यमक नाही जुळलं तर दुरुस्त करत बसू नका हं, त्यांना आपण मास्तर वाटलो की परत "अजून किती वेळ" सुरू.

प्रश्न : विनोदी कविता प्रवास चालू असतानाच सुचावी असं वाटतं पण तेव्हा तर मी वैतागलेला असतो. हसू येतं ते महिनाभराने. हे चुकीचं आहे का?

नाही हो, बऱ्याच जणांचं असंच असतं. भर पावसात बंद पडलेल्या गाडीला ढकलताना कुणाला यमक सुचणार? त्यावेळी फक्त एक काम करा, कोण काय बोललं ते लक्षात ठेवा, शब्दाला शब्द. "मी म्हटलं होतं ना" हे कोण म्हणालं, कितव्या वेळी म्हणालं, आणि त्यावर समोरचा फक्त "हं" म्हणाला की दार आपटलं. महिनाभराने आठवणीत डोंगर-दऱ्या सगळे एकसारखे होतात, बोललेलं वाक्य मात्र जसंच्या तसं राहतं, आणि चार ओळींत मावणारी गोष्ट तीच असते.

थोडक्यात उत्तरं

*"माझी वात्रटिका कुणीतरी नाव काढून फॉरवर्ड केली."* फार चालली म्हणायची. पुढच्या वेळी नाव खाली न लिहिता कवितेच्या आतच गुंफा, संतांनी तेच केलं होतं.

*"विनोदी कवितेच्या शेवटी हाहाहा लिहावं का?"* नको.

*"खड्ड्यांवर इतकं लिहून झालंय, अजून लिहू का?"* खड्ड्यावर नका लिहू, खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा ज्याचं वाक्य अर्धवट तुटलं त्याच्यावर लिहा.

*"सीटबेल्टला यमक सापडत नाही."* मलाही नाही. ओळीच्या मधे टाका, शेवटी आणू नका.

*"आणि पंक्चरला?"* हे सोपं आहे : गाडी पंक्चर, बाबांचं लेक्चर. बाकीच्या दोन ओळी तुम्ही पाठवा, बाबांना न दाखवता.